दोन लक्षणांचा नियम

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात महिनाभरात किती नोंदी होतात, याचा विचार सहसा कुणी करत नाही. अंगणवाडीत लेकरांची वजनं लिहिली जातात. आशाताईच्या वहीत गरोदर बायांच्या तारखा असतात. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठे लागतात, रोजगार हमीच्या हजेरीपत्रकावर नावं चढतात, शाळेत पोषण आहाराची ताटं मोजली जातात. मलेरियाच्या रक्तनमुन्यांची वेगळी वही, वनहक्काच्या दाव्यांची वेगळी फाईल. हे सगळं गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून मुंबई-दिल्लीला जातं. गावाकडे परत काय येतं, हा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

साठलेल्या नोंदींच्या ढिगात उघड्या डोळ्यांना न दिसणारे संबंध शोधायचे आणि त्यांवरून पुढचा अंदाज बांधायचा, या कामाला आज डेटा मायनिंग म्हणतात. सारख्या गावांचे गट पाडणं, कोणत्या दोन गोष्टी वारंवार जोडीने घडतात ते पाहणं, जुन्या नोंदींवरून धोक्याची खूण ठरवणं हे त्यातले मुख्य प्रकार. त्यांची गणितं पुढच्या प्रकरणांत सोप्या भाषेत येतील. पण ती वाचण्याआधी गडचिरोली आणि शेजारचा चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत काय घडलं आहे ते वाचकाला माहीत असायला हवं. कारण नोंदींतून निर्णयापर्यंत जाण्याची जगात नावाजलेली वाट याच जंगलात, संगणक फारसा कुणी पाहिलेला नव्हता तेव्हा पाडली गेली.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला हा मुलूख. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७२ हजार, म्हणजे चौरस किलोमीटरमागे जेमतेम ७४ माणसं. तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगल. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग इथे आले आणि त्यांनी ‘सर्च’ संस्थेचं काम सुरू केलं. सुरुवातीला त्यांनी सिकलसेल आजाराचा अभ्यास केला. शास्त्र म्हणून काम चोख होतं, पण गावकऱ्यांना तो आपला प्रश्नच वाटला नाही; त्यांच्या तक्रारी वेगळ्या होत्या. आपण लोकांवर संशोधन केलं, लोकांसाठी नव्हे, अशी कबुली डॉ. अभय बंग यांनी पुढे जाहीरपणे दिली आहे. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक तरुणाने ही गोष्ट आधी ऐकावी. प्रश्न कुणाचा, हे न ठरवता माहिती चाळायला बसलं की उत्तरं पुष्कळ सापडतात, पण ती कुणाच्याच उपयोगाची नसतात.

मग प्रश्न बदलला. गावोगाव बालमृत्यूंची नोंद सुरू झाली आणि त्यांत न्यूमोनियाचा वाटा फार मोठा निघाला. औषध स्वस्त होतं, पण खोकणाऱ्या शंभर लेकरांतलं कोणतं न्यूमोनियाचं, हे गावात ठरवणार कोण? श्वासाची गती हे चांगलं लक्षण: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, मोठ्या लेकराचे ५० किंवा जास्त झाले की धोका. पण ज्या सुईणींना हे काम करायचं होतं त्यांतल्या अनेकींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून एक साधं यंत्र तयार झालं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळाच्या ओळीत पाच हिरवे आणि सहावा लाल, मोठ्या लेकराच्या ओळीत चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. या पद्धतीने उपचार झालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी राहिले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९० साली ते प्रसिद्ध झालं. आज आपण ‘निर्णय-सहाय्य प्रणाली’ असा भारदस्त शब्द वापरतो. तिचा अर्थ त्या मण्यांत पुरता उतरला आहे: वैद्यकशास्त्राचं ज्ञान, ठरवलेली मर्यादारेषा आणि सुईणीच्या हातात दिलेला निर्णय.

नवजात बाळांचं काम याहून खोल गेलं. ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना तयार केलं गेलं. १९९५-९६ या पहिल्या वर्षी त्यांनी मुख्यतः पाहायचं आणि लिहायचं होतं. ७६३ नवजात बाळांच्या घरी जन्मापासून अठ्ठावीस दिवसांपर्यंत ठरल्या दिवशी जाऊन प्रत्येक लक्षण टिपलं गेलं. निम्म्याहून अधिक बाळांना उपचाराची गरज होती आणि शंभरातली तीनसुद्धा डॉक्टरपर्यंत पोचली नव्हती. पुढच्या वर्षांत नोंदी वाढत गेल्या, आणि साडेतीन हजारांहून अधिक बाळांच्या त्या नोंदींवर जे काम झालं ते शब्दशः डेटा मायनिंग होतं. जंतुदोषाने किंवा न्यूमोनियाने दगावलेल्या बाळांत आधी काय दिसलं होतं? कितीतरी लक्षणांतून सात निवडली गेली: दूध ओढणं कमी होणं किंवा थांबणं, रडणं क्षीण होणं किंवा थांबणं, हातपाय लुळे पडणं, उलटी होणं किंवा पोट फुगणं, बाळ गार लागतंय असं आईने सांगणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, नाळेला संसर्ग होणं. यांतली कोणतीही दोन एका वेळी दिसली की उपचार सुरू. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, या कारणांनी दगावलेलं एकही बाळ या नियमातून निसटलेलं आढळलं नाही; आणि धोका नसताना धोक्याच्या यादीत आलेली बाळं शंभरात आठच होती.

सात लक्षणांतल्या पाचव्या लक्षणापाशी मी दर वेळी थांबतो. ‘बाळ गार लागतंय असं आईने सांगणं.’ थर्मामीटरचा आकडा होताच. पण आईचं सांगणं हीसुद्धा मोजण्याजोगी माहिती मानली गेली, तिची नोंद झाली आणि ती खरी ठरली. एखाद्या कार्यालयाने आपल्या अर्जाच्या नमुन्यात असा रकाना ठेवला असता का? कोणती माहिती गोळा करायची हे ठरवताना ज्यांच्याविषयी ती आहे त्यांचं म्हणणं विचारात घेतलं तर हाती काय लागतं, त्याचा हा पुरावा आहे. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरला होता. २०११ साली घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभरच्या आशाताईंच्या कामाचा भाग झाला.

आता दुसरी बाजू. २००१ साली महाराष्ट्रातल्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागातले बालमृत्यू स्वतः मोजले आणि ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल राज्यापुढे ठेवला. राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख मुलं दगावत असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सरकारी कागदांवरचा आकडा त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. मृत्यू घडले होते, घरच्यांनी रडून घेतलं होतं, गावाला ठाऊक होतं. कागदाला ठाऊक नव्हतं. पुढे राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

मृत्यू कागदावरून कसे गळतात याचं कारण समजून घेतल्याशिवाय कोणतंही मायनिंग करू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्या नर्सने मृत्यू लिहिला तिलाच नोटीस येत असेल, तर ती पुढचा मृत्यू लिहिणार नाही किंवा तो ‘मृत जन्म’ म्हणून लिहील. मग जिथे प्रामाणिक नोंद होते ते उपकेंद्र संगणकाच्या पडद्यावर लाल दिसतं आणि जिथे नोंदच होत नाही ते हिरवं. यंत्र हिरव्याला बक्षीस देतं. २०१८ पासून गडचिरोली देशातल्या ११२ आकांक्षित जिल्ह्यांत आहे. या जिल्ह्यांची प्रगती आरोग्य, शिक्षण, शेती अशा विषयांच्या निर्देशांकांवर दर महिन्याला मोजली जाते आणि क्रमवारी लागते. या मोजणीमुळे दुर्लक्षित जिल्ह्याकडे लक्ष गेलं, हे मान्यच करायला हवं. पण महिन्याच्या क्रमवारीचा दाब शेवटी सगळ्यांत खालच्या पायरीवर, वही भरणाऱ्या बाईवर येतो. ‘सर्च’च्या अभ्यासात जन्म-मृत्यूंची नोंद एकाने केली की दुसऱ्याने ती स्वतंत्रपणे तपासायची आणि वर घरोघर सर्वेक्षण करायचं अशी रचना होती. शिवाय सापडलेल्या मृत्यूबद्दल कुणाला शिक्षा नव्हती. नोंदी विश्वासार्ह झाल्या त्या यामुळे. अशी रचना नसेल तर चांगलं सॉफ्टवेअर ती उणीव भरून काढू शकत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. फोन निकृष्ट, त्यात जागा कमी, आणि ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. शहरातल्या वर्तमानपत्रांत ही कामगार संघटनेची बातमी म्हणून आली. खरं तर ती माहितीच्या गुणवत्तेची बातमी होती. गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडकडे तर रेंज मिळते त्या ठिकाणी जाऊन अनेक दिवसांच्या नोंदी एकदम भराव्या लागतात. त्या नोंदींवरच्या तारखा खऱ्या धरून कुणी ‘सेविका रोज केंद्र उघडत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर दोष सेविकेचा नाही.

इथल्या जगण्याची लय ज्याला माहीत नाही त्याला इथला डेटा हमखास फसवतो. धानाची कापणी-मळणी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या कितीतरी गावांतून माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. चंद्रपुरातल्या मूल, सिंदेवाही, गोंडपिपरी या तालुक्यांतली घरं जानेवारीनंतर कुलूपबंद दिसतात. बायका लेकरांना बरोबर घेऊन जातात. अंगणवाडीच्या हजेरीत ती लेकरं ‘अनुपस्थित’, रेशनच्या मशीनवर ते कुटुंब ‘धान्य न उचलणारं’. नुसते आकडे पाहणाऱ्याला यात बोगस लाभार्थी दिसेल. गाव ओळखणाऱ्याला दिसेल की या कुटुंबाला धान्य आणि लेकराला आहार खम्मम-वरंगलच्या शेतावर मिळायला हवा. आकडा एकच, निर्णय दोन, आणि त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर. मोहफुलांच्या दिवसांत पहाटेच सगळं घर रानात जातं, मे महिन्यात तेंदूपत्त्याला. त्या आठवड्यांतली प्रत्येक ‘घसरण’ या दिनदर्शिकेशी ताडून पाहावी लागते.

नावांचंही तसंच. एका गावात अर्धी घरं आत्राम किंवा मडावी. त्याच नावाची, त्याच आडनावाची दोन-तीन माणसं एका टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, सापडतात. जन्मतारीख माहीत नसल्यामुळे अनेकांच्या कार्डावर १ जानेवारी. आणि नाव गोंडी-माडियातलं, लिहिणारा मराठी, टंकणारा इंग्रजी कळफलकावर; त्यामुळे एकाच बाईचं नाव चार कागदांवर चार प्रकारे. दोन याद्यांची जुळणी करणारं सॉफ्टवेअर इथे दोन चुका करतं. वेगळ्या माणसांना एक ठरवतं आणि एकाच माणसाला वेगळं. पहिल्या चुकीने एखाद्या म्हातारीचं निराधार अनुदान बंद होतं, दुसरीने तिला ते कधी सुरूच होत नाही.

जिवती तालुक्याचं उदाहरण तर अभ्यासक्रमात घ्यावं असं आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या डोंगरावर, महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांनीही दावा सांगितलेली चौदा गावं आहेत. तिथल्या लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डं आहेत, दोन्हीकडच्या मतदार याद्यांत नावं आहेत. दुबार लाभार्थी शोधणारा कोणताही प्रोग्राम या गावांना सरसकट लबाड ठरवील. सीमेचा प्रश्न लोंबकळत ठेवला राज्यांनी, संशयाची खूण मात्र पडेल गावकऱ्यांवर. याच डोंगरावर कोलामांचे गुडे, म्हणजे वस्त्या, आहेत. कोलाम आणि गडचिरोलीतले माडिया गोंड हे दोन्ही समाज अतिअसुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. पण चंद्रपूर जिल्ह्याच्या सरासरीत कोळसा, सिमेंट आणि औष्णिक वीज केंद्राचा पैसा मिसळतो, आणि कोलामगुडा त्या सरासरीखाली नाहीसा होतो. गुड्यागणिक, टोल्यागणिक आकडे मांडणं हे इथे तंत्राचं पहिलं कर्तव्य आहे.

आकडा नेमकं काय मोजतो हेही विचारावं लागतं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात बायांच्या मोठ्या लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ रोजी ती लागू झाली, आणि तिचा आढावा घेणाऱ्या रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने उठवण्याचा निर्णय घेतला. या वादात दारूबंदीच्या गुन्ह्यांचे आकडे सतत पुढे केले जात. पण दारूबंदीचा कायदा आला की त्याखाली गुन्हे नोंदले जाणारच. पोलिसांनी जास्त छापे घातले की गुन्हे वाढणारच. तो आकडा पोलिसांचं काम मोजतो, पिणं मोजत नाही. पिण्याचं प्रमाण, घरातला मार, दारूपायी गेलेली मजुरी यासाठी घराघरांत विचारावं लागतं. निर्णय कोणत्याही बाजूने घ्या, पण जे मोजलंच नाही त्याचा पुरावा म्हणून भलताच आकडा वापरू नका.

आकड्यांच्या अशा चुकीच्या वाचनाची किंमत किती मोठी असू शकते हे प्राणहिता नदीच्या पलीकडे दिसलं. तेलंगणात सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. घरी जाऊन न पाहता संगणकीय जुळणीवरून त्या रद्द केल्या, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांची प्रत्यक्ष फेरतपासणी करायला सांगितलं. तिकडे नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यात फसवणूक शोधणाऱ्या व्यवस्थेने हजारो निरपराध पालकांना कर्जात लोटलं. दुहेरी नागरिकत्व ही तिथे संशयाची एक खूण होती. जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणावरून तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. दुहेरी नागरिकत्वाच्या जागी दुहेरी रेशनकार्ड ठेवून पाहा, जिवती डोळ्यांसमोर येईल.

म्हणून या पुस्तकात एक अट आम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाळली आहे. यंत्राने काढलेली यादी ही भेटीची यादी असेल, कपातीची नाही. ‘या घरी जाऊन पाहा’ एवढंच यंत्र सांगेल. नाव कापायचं असेल तर माणसाने घरी जायचं, कारण लेखी द्यायचं, ऐकून घ्यायचं. वनहक्क कायद्याच्या नियमांत दावा नाकारल्यास कळवणं आणि साठ दिवसांत अपील करू देणं बंधनकारक आहे. तेवढी तरी सोय रेशन-पेन्शनच्या जुळणीतून वगळलेल्या माणसाला मिळायला नको का?

आणि ही यादी गावात वाचली गेली पाहिजे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा दिली आणि ती जगून दाखवली. गावचे नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने अभ्यासगट चालवले. प्रश्न आला की आधी माहिती गोळा करायची, चर्चा करायची, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जंगलात बांबू किती, तोडायचा किती, राखायचा किती, हे हिशेब ज्या ग्रामसभा करू शकतात, त्यांना आपल्याच गावच्या कुपोषणाचा तक्ता समजणार नाही असं मानायला काहीही आधार नाही. कुणाच्या घरातला आजार चारचौघांत वाचायचा नाही, हे भान अर्थातच हवं. नावं आशाताईकडे, आकडे ग्रामसभेपुढे, अशी विभागणी पुढे सुचवली आहे.

करण्यासारखं काम समोर पडलं आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा गावांत आधीच धान्य पोचवायची सोय नवसंजीवनी योजनेत आहे आणि दूरच्या गरोदर बायांना बाळंतपणाआधी येऊन राहता यावं म्हणून आरोग्य केंद्रांजवळ माहेरघरं आहेत. आशाताईच्या वहीतल्या प्रसूतीच्या अपेक्षित तारखा, मागच्या वर्षांत नाले किती दिवस बंद होते त्याच्या नोंदी, आणि गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतचं अंतर, ही तीन प्रकारची माहिती आज तीन खात्यांत पडून आहे. ती एकत्र आणली तर जून ते सप्टेंबरमध्ये कोणत्या टोल्यावरची कोणती बाई अडकण्याची शक्यता आहे याची यादी मे महिन्यातच हाती येते. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातला एक साधा संगणक आणि तीन खात्यांची परवानगी पुरे. रेशनच्या मशीनवर अंगठा न उमटण्याच्या घटना दुकानागणिक मांडल्या तर मशीन बिघडलंय, रेंज नाही की म्हाताऱ्या माणसांची बोटं झिजलीत, हे वेगळं काढता येतं. नाकारलेले वनहक्क दावे कारणांनुसार आणि तालुक्यानुसार लावले तर कुठे पुरावा खरोखर कमी पडला आणि कुठे एकच वाक्य सगळ्या दाव्यांवर उतरवलं गेलं, ते कळतं.

हे पुस्तक वाचणारा गोंडवाना विद्यापीठातला विद्यार्थी असेल, ग्रामसेवक असेल किंवा एखाद्या संस्थेतली कार्यकर्ती. सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर माझं उत्तर असं: आपल्या गावची एकच वही निवडा, आणि ती भरणाऱ्या बाईसोबत बसून गेल्या वर्षाची पानं वाचा. कोणता रकाना ती मनापासून भरते, कोणता भीतीपोटी, कोणता नुसता भरायचा म्हणून, हे तिला विचारा. तिला काय जाणून घ्यायला आवडेल तेही विचारा. पहिलं प्रकरण त्या वहीपासून सुरू होतं.